खापरपणजोबांच्या तपासास

आमचे एक वसईकर स्नेही सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि, जन्ममृत्यूचे दाखले इतरांना देण्यातच हयात गेल्यामुळे असेल, स्वतःच्या खापरपणजोबांचे थडगे हुडकून काढल्यावाचून डोळे मिटायचे नाहीत, असे त्यांनी मनावर घेतले. घराण्यातील समजुतीप्रमाणे मूळपुरुष कोर्लईचा. सबब साक्षीदार या नात्याने मलाही सोबत घेऊन ते अलिबागहून एस.टी.ने निघाले.

वाटेत रेवदंड्यास उतरून फ्रान्सिस्कनांच्या सातखणी मनोऱ्याच्या भग्नावशेषांत कोठे कोरीव शिळा आढळते काय, हे पाहण्याचा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज अमदानीत नाव कोरलेल्या शिळेखाली निजण्याचा मान बहुधा कप्तान-पाद्र्यांचा, वाडीत राबणाऱ्याचा नव्हे, असे मी नम्रपणे सुचविले. तेव्हापासून कुंडलिकेवरील पूल ओलांडेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

1740च्या तहाने चौल आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला व फिरंगी अंमलदार निघून गेले. गडाच्या पायथ्याची ख्रिस्ती रयत मात्र पोर्तुगीज आणि मराठी यांच्या दीर्घ शेजारातून घडलेली आपली बोली सांभाळीत जागच्या जागी राहिली. स्नेह्यांना ही बोली अवगत नव्हती. त्यांची सारी भिस्त एका जुन्या चर्चवहीच्या नकलेवर. वह्यांची ही वहिवाट पुरातन आहे: ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली विवाहांची नोंद सक्तीची केली आणि 1614च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या वहीचाही नमुना घालून दिला; केवळ कसरीला आणि कोकणच्या पावसाला ही फर्माने लागू नाहीत, इतकेच. त्यांच्या तडाख्यातून बचावलेला मजकूर एवढाच होता, की अंतोनचा मुलगा पेद्रू याला येथील दफनभूमीत पुरले.

हा कागद स्नेह्यांनी, वॉरंट बजावावे तशा गांभीर्याने, ओटीवर सुकट निवडीत बसलेल्या एका वृद्धेसमोर वाचून दाखविला.

"कंचा पेद्रू, बाबा?" तिने मान वर न करता विचारले. "एक माझ्या सासरचा, एक माहेरचा. तिसरा दर्यात गेला, तो काय गावायचा नाय."

स्नेह्यांनी बापाचे नाव पुन्हा ठासून सांगितले. तिघांचेही बाप अंतोनच निघाले! संतांची नावे मोजकी आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची हौस मोठी, त्याला वही तरी काय करणार? दफनभूमीत पाहावे, तर तेथील वृद्ध राखणदाराने खुलासा केला, की जागा अपुरी असल्याने काही वर्षांनी जुन्या अस्थी बाजूला सारून त्याच खड्ड्यात नवा माणूस ठेवतात. खापरपणजोबांचा कायम पत्ता असा रद्दबातल झाला.

परंतु तपासाची वार्ता एव्हाना गावभर झाली होती. संध्याकाळपर्यंत स्नेह्यांना दोन आत्या, एक चुलता आणि, पुराव्यावाचूनच, असंख्य पुतणे प्राप्त झाले. प्रत्येकाने आपला पेद्रू तोच खरा पेद्रू असे सांगून आम्हांस पानावर बसविले. दाखल्याशिवाय कोणाचे जगणेही मान्य न करणाऱ्या या गृहस्थाने सगळी नाती तोंडी कबूल केली, याचे श्रेय मी तरी सुरमईच्या कालवणाला देतो.

याच कामासाठी कोणी कोर्लईस जाणार असेल, त्याने पूर्वजाच्या नावाबरोबर त्याच्या आईचे व बायकोचे नावही लिहून न्यावे, भर पावसाळा टाळावा, आणि घरून जेवून मुळीच निघू नये.