परतीच्या पावसास अनावृत पत्र

श्रीमंत नैर्ऋत्य मोसमी वारे, मुक्काम परतीच्या वाटेवर, यांचे सेवेशी कृतानेक नमस्कार. विनंती विशेष.

आणखी दोन दिवस मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम सरी, तदनंतर आकाश निरभ्र व कमाल तापमानात वाढ, असा आपल्या रवानगीचा जाहीरनामा प्रसिद्ध झाल्याचे वाचून रयतेस जो संतोष झाला, तो आपला पूर्वानुभव गाठीशी असल्यामुळे फार काळ टिकला नाही. पश्चिम राजस्थानातून आपण १ सप्टेंबरला निघावे, असा जुना दंडक होता; तो आपण इतक्या वेळा मोडलात की, २०२० साली ती तारीखच १७ सप्टेंबर करण्यात आली आणि मुंबईतून निघण्यासही आपणांस ८ ऑक्टोबरपर्यंत मुभा मिळाली. चाकराने मुदत पाळली नाही म्हणून मुदतच वाढवून देणारा धनी अन्य कोणत्या खात्यात आढळेल?

तुरळक ठिकाणी म्हणजे उपविभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्यावर, असा हवामानशास्त्राचा संकेत आहे. परंतु ही चौथाई वसूल करावयास आपण नेमके कापणी होऊन शिवारात पसरलेले सोयाबीन गाठता, त्याच्या शेंगांतच कोंब फुटेपर्यंत तेथून हलत नाही, आणि वर सरदेशमुखी म्हणून कोकणातले पिकलेले भात आडवे करून जाता. मग तलाठी चिखल तुडवीत पंचनाम्यास येतात, तोवर आपण पुढल्या तालुक्यात पसार झालेले असता. आणि आपला अपराध कागदावर उतरत असताना डोईवर कडकडीत ऊन तळपत असते, हा विनोद शेतकऱ्यास मात्र कळत नाही.

आपल्या जागी रुजू होणाऱ्या या उन्हाविषयीही तक्रार आहेच, पण तिच्यातही मुख्य आरोपी आपणच. ढगांचा पडदा आपण एकाएकी ओढून नेता, चार महिने भिजवलेल्या जमिनीतले बाष्प मात्र मागे ठेवता. वारा पडतो, आणि मुंबईत तर जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे दुपारपर्यंत समुद्राच्या झुळकेस अडवून धरतात. परिणामी ऑगस्टात छत्रीखाली भिजलेला गृहस्थ ऑक्टोबरात छत्रीवाचूनही तितकाच भिजतो. (कोजागरीचा चंद्र आपण गेल्यावरच धड दिसतो, एवढे श्रेय आपल्या गैरहजेरीस देणे भाग आहे.)

तरी मेहेरबानी करून, जातेसमयी आपले उरलेसुरले बाष्प बरोबर न्यावे. तिकडे तामिळनाडूत ईशान्य मोसमी वारे २० ऑक्टोबरच्या सुमारास आपला अंमल सुरू करू पाहतात. आपण गादी सोडल्यावाचून त्यांना हजर होता येत नाही.

पत्राच्या अखेरीस ‘लोभ असावा’ असे लिहिण्याचा परिपाठ आहे. तूर्त तो जूनपर्यंत स्थगित ठेवावा, ही विज्ञापना.

आपला,
दोरीवरचे कपडे चौथ्यांदा आत घेणारा एक रहिवासी