दहा मार्कांची सिस्टिम

‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ हा प्रोजेक्ट पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत दरवर्षी इतकी मुलं करतात, की कोकणातल्या प्रत्येक वाचनालयाला दोन-दोन सिस्टिम्स वाटूनही उरायला हव्यात. प्रत्यक्षात त्यांतली एकही कुठे चालू असलेली माझ्या पाहण्यात नाही. ती चालवायची नसतेच. ती ब्लॅक बुकात बांधायची असते.

ब्लॅक बुक म्हणजे आयटीच्या तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत आधी सर्टिफिकेट, मग प्राचार्य, गाईड आणि आईवडील यांचे आभार, आणि मग ‘फीजिबिलिटी स्टडी’. हे प्रकरण मला फार आवडतं. तांत्रिकदृष्ट्या जमेल का, पैशांत बसेल का, माणसं वापरतील का, याची त्यात कसून चौकशी होते आणि तिन्ही ठिकाणी उत्तर ‘हो’ येतं. ‘हे परवडणार नाही, करू नये’ असं लिहून थांबलेलं ब्लॅक बुक बाइंडिंगवाल्याच्या हातात अजून पडायचंय. पुढे गँट चार्ट. तो सबमिशनच्या आदल्या रात्री काढतात, त्यामुळे एकूण एक काम ठरल्या आठवड्यातच संपलेलं दिसतं. शेवटी ‘फ्यूचर एन्हान्समेंट’, म्हणजे जे जमलं नाही ते सगळं. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक चार पानं उलटतात आणि विचारतात, “यातलं तू काय केलंस?” ग्रुपमधला सगळ्यात प्रामाणिक मुलगा सांगतो, “सर, मी डॉक्युमेंटेशन केलं.”

हसू नका. विषयाच्या जवळपास तोच एकटा फिरकलेला असतो.

कारण इन्फर्मेशन सिस्टिम हा मुळात कोडिंगचा विषयच नव्हे. कुठलंही धड पुस्तक सुरुवातीलाच सांगून मोकळं होतं, की सिस्टिम म्हणजे यंत्र, प्रोग्रॅम, डेटा, कामाची पद्धत आणि माणसं. अर्ज कुठल्या खिडकीवर घेतात, त्यावर सही कुणाची लागते, सही करणारे साहेब रजेवर गेले तर कागद कुठे पडून राहतो, हे ज्याला कळलं त्याला अर्धी सिस्टिम कळली. पण मुलगा येतो पॅकेजसाठी, बाबा येतात ‘आयटीला टाकलाय’ म्हणायला आणि कॉलेजला विनाअनुदानित तुकडी भरायची असते. मग उरतं काय? ‘डेटा आणि इन्फर्मेशन यांतला फरक लिहा.’ मध्ये उभी रेघ, दोन्हीकडे पाच-पाच मुद्दे.

याच पेपरात हमखास येणारा दुसरा प्रश्न चेंजओव्हरचा. जुनी पद्धत सोडून नवी कशी आणायची? चार रस्ते. एक, काल जुनी, आज नवी, थेट उडी. दोन, काही दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालवायच्या. तीन, टप्प्याटप्प्यानं. चार, आधी एका कोपऱ्यात करून बघायचं. पहिला रस्ता स्वस्त, पण सगळ्यात धोक्याचा, असं प्रत्येक गाईडमध्ये ठळक अक्षरांत छापलेलं असतं. मुलं ते पाठ करतात, लिहितात, मार्क घेतात. आपल्या रेल्वेनं तर हे करूनही दाखवलंय. संगणकावरचं आरक्षण १९८० च्या दशकात आधी दिल्लीत आणलं, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास असं पुढे नेलं, आणि सगळी केंद्रं एकमेकांना जोडायला १९९९ साल उजाडलं. रेल्वेला कुणी घाईची म्हणणार नाही, पण तिकिटं मिळत राहिली.

आता २०१७ ची गोष्ट. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठानं ठरवलं, की उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी त्या पडद्यावर तपासायच्या. कल्पना चांगलीच होती. गठ्ठे हलवायला नकोत, बेरजा चुकायला नकोत. पण परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका १७ लाखांच्या आसपास, आणि उडी एकदम सगळ्या शाखांसकट! कंत्राट पक्कं झालं तेव्हा परीक्षा सुरू होऊन गेल्या होत्या. फीजिबिलिटी स्टडीत काय लिहिलं होतं, कल्पना नाही. ‘हो’च असणार.

मग कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर, जे व्हायचं ते झालं. लॉगइन होईना. झालं, तर समोर भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका. स्कॅन करताना पानांची सरमिसळ. पुस्तकातला पाचवा घटक, म्हणजे माणसं, तपासायला बसली, पण सराव करायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागला पाहिजे, असं विद्यापीठांचा नवा कायदा सांगतो. तो लागू होऊन जेमतेम काही महिने झाले होते. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलै ही मुदत घातली. ती पाळायला वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला जुंपलं, नागपूरहूनही मदत मागवली. मुदत टळली. शेवटचे निकाल सप्टेंबरवर गेले. पुढच्या शिक्षणाला परदेशी निघालेली, एलएलएमला प्रवेश घ्यायला थांबलेली मुलं कलिन्याला परीक्षा भवनाच्या दारात खेटे घालत राहिली. ज्यांच्या उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत, त्यांना सरासरी काढून मार्क दिले. म्हणजे डेटा नव्हता, तरी इन्फर्मेशन निघाली! फरक लिहा, पाच मुद्दे. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं.

त्या १७ लाखांत ‘थेट उडी मारणं धोक्याचं’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या उत्तरपत्रिकाही असणारच. मला राहून राहून त्या मुलांचं कौतुक वाटतं. उत्तर बरोबर, आणि ते तपासायची सोय त्याच उत्तराच्या उलट केलेली.

यावर कुणी म्हणेल, झालं गेलं, लोक शिकले. शिकले ना. पुढची थेट उडीच बघा. २०२४ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना तंत्रशिक्षणाच्या एआयसीटीईची मान्यता आणि प्रवेशासाठी सीईटी आली. पहिल्या सीईटीला जागांच्या मानानं इतकी कमी मुलं बसली, की पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी त्याहून सोपा उपाय काढला: अभ्यासक्रमाचं नाव बदललं. नाव नियमात नाही, तेव्हा नियमही लागू नाही. नवी पद्धत माणसांच्या गळी उतरली नाही, की ती पळवाट शोधतात, असं पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. ते कॉलेजांनी सिलॅबसात न बघताच करून दाखवलं. यांना प्रॅक्टिकलचे पैकीच्या पैकी द्यायला माझी काही हरकत नाही.

एवढं सगळं असूनही हा विषय घ्यायचा असेल तर जरूर घ्या, चांगला आहे. फक्त तिसऱ्या वर्षी लायब्ररी सोडा. कॉलेजच्याच ऑफिसात बोनाफाइड सर्टिफिकेट मिळायला किती दिवस लागतात आणि कागद कुठल्या टेबलावर अडतो, ते आठवडाभर बाकावर बसून टिपून घ्या. ब्लॅक बुकात पहिल्यांदा काहीतरी खरं बांधलं जाईल. आणि परीक्षेत चेंजओव्हरचा प्रश्न आला तर चारही प्रकार लिहा, आकृती पेन्सिलीनं काढा, उदाहरण रेल्वेचं द्या. विद्यापीठाचं देऊ नका. तपासणारे त्या उन्हाळ्यात कॅप सेंटरवर बसलेले असू शकतात.