सैन्य हातात, रंग घरात

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला ‘वॉरहॅमर वर्ल्ड’ नावाचं एक तीर्थक्षेत्र आहे. 1987 साली निघालेल्या ‘वॉरहॅमर 40,000’ या खेळाचे भक्त जगभरातून तिथे येतात आणि येताना आपापलं सैन्य बरोबर आणतात. सैनिकाची उंची 28 ते 32 मिलिमीटर, पण त्याच्या डोळ्यातलं बुबुळ रंगवण्यासाठी धन्याने आख्खी संध्याकाळ श्वास रोखून काढलेली असते. असा माणूस मुंबईहून विमानाने निघाला की त्याच्या सामानात कपडे कमी आणि फोम जास्त असतो. डोक्यात एक पक्की समजूतही असते: आपला खरा शत्रू नॉटिंगहॅमला नाही, तो इथेच सिक्युरिटीच्या पट्ट्याशी गणवेश घालून उभा आहे. ही समजूत चुकीची आहे, एवढंच मला सांगायचं आहे. विमानप्रवासाचे नियम अधूनमधून हास्यास्पद असतात हे कबूल, पण छोट्या पुतळ्यांवर ते एकंदरीत मेहेरबानच आहेत. घोळ होतो तो पुतळे आणि रंग यांना जन्माचे जोडीदार समजून एकाच बॅगेत बांधल्यामुळे. त्यांची ताटातूट करावी. सैन्य हातात घ्यावं आणि रंग घरी ठेवावेत.

पुतळ्यांविषयीची धास्ती अगदीच हवेतून आलेली नाही. जानेवारी 2011 मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर एका खेळण्यातल्या सैनिकाला अडवण्यात आलं. डॉर्सेटमधल्या रॉयल सिग्नल्स म्युझियममधून विकत घेतलेला हा शिपाई कॅनडाला निघाला होता आणि त्याच्यापाशी जेमतेम तीन इंची बंदूक होती. ती झाडायची सोय अर्थातच नव्हती, तरी बंदूक ती बंदूक. शेवटी शिपाई विमानाने गेला आणि हत्यार टपालाने. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला मोज्यापासून शिवलेल्या एका माकडाचं दोन इंची पिस्तूल काढून घेण्यात आलं. माकडाची चौकशी झाल्याचं ऐकिवात नाही. या कथांवरून आपला प्रवासी निष्कर्ष काढतो की पुतळे केबिनमध्ये नेणं धोक्याचं; त्यापेक्षा ते पायमोज्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाकावेत. पण या घटनांच्या बातम्या झाल्या त्या विरळ होत्या म्हणूनच, आणि ती हत्यारं बोटाएवढी तरी होती. 28 मिलिमीटरच्या सैनिकाची बंदूक सेंटिमीटरभराची, तीही त्याच्या छातीला डिंकाने चिकटलेली. स्कॅनरच्या पडद्यावर प्लास्टिकचं सैन्य फिकट नारिंगी सावलीसारखं दिसतं. शिशाचे जुने पुतळे मात्र गडद, निळे-काळे उमटतात आणि बॅग बाजूला घेतली जाते. मग सीआयएसएफचा जवान झाकण उघडतो, आत ओळीने ऐंशी योद्धे दात-ओठ खात उभे असलेले पाहतो आणि विचारतो, ‘‘ये क्या है?’’ यावर ‘‘खिलौना है, सर’’ एवढं म्हटलं की प्रकरण बहुधा संपतं. पण रंगवणाऱ्याची जीभ नेमकी इथे रेटत नाही. इतक्या कष्टाच्या कलाकृतीला खेळणं म्हणायचं? तो चाळीस हजार वर्षांनंतरच्या आकाशगंगेचा इतिहास सांगू लागतो आणि मागच्या रांगेतल्या माणसाचं विमान चुकतं.

चेक-इनच्या बॅगेची बाजू घेणारे म्हणतात की तिथे निदान प्रश्न तरी कोणी विचारत नाही. खरं आहे, पण तिथे ‘फ्रॅजाइल’चं स्टिकरही फारसं कोणी वाचत नाही. राळेचा भाला चार फुटांवरून पडलेल्या बॅगेत कसा टिकेल, याचं उत्तर द्यायला पदवी लागत नाही. डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा, सैनिकाच्या तळव्याला इवलंसं चुंबक आणि डबा पुढच्या सीटखाली, ही व्यवस्था केबिनमध्येच जमते. केबिन बॅगेचं वजन बहुतेक कंपन्या सात किलोपर्यंतच चालवून घेतात. प्लास्टिकच्या सैन्याला तेवढे पुरतात, धातूच्या सैन्याला निम्मी फौज घरी ठेवावी लागते. खरवडायची सुरी आणि तिची पाती तेवढी खाली जाऊ द्यावीत. त्यांबद्दल वाद नको.

रंगांचं तसं नाही, आणि इथे नियमांना हसणाऱ्यांचंच हसं होतं. सिटाडेल रंगांच्या एका बाटलीवर ‘ब्लड फॉर द ब्लड गॉड’ असं छापलेलं असतं, दुसरीवर ‘टायफस करोजन’, आणि सगळ्यांच्या लाडक्या काळ्या पातळ रंगाचं नाव ‘नल्न ऑइल’. पहिल्यात रक्त नाही, दुसऱ्यात रोगजंतू नाहीत आणि तिसऱ्यात तेलाचा थेंब नाही. तिन्ही पाण्यात कालवलेले ॲक्रिलिक. पण रात्री अडीच वाजता, जांभया आवरत उभ्या असलेल्या माणसाला हे पटवून द्यायचं म्हणजे वक्तृत्वाची परीक्षाच. बरं, सगळेच रंग असे निष्पाप असते तर एक वेळ चाललं असतं. ज्वलनशील रंगाला हवाई वाहतुकीत धोकादायक माल मानतात. त्याचा संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक आहे 1263 आणि वर्ग तिसरा. द्रवाच्या वाफेला ठिणगीने पेट घेता येईल असं तापमान 60 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असलं की तो द्रव या वर्गात बसतो. हंब्रॉलची 14 मिलिलिटरची इनॅमलची डबी, लॅकर, थिनर, प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट हे सगळं त्यात आलं. अस्तराच्या रंगाचा स्प्रेही ना वर नेता येतो, ना खाली. तामियाचे ॲक्रिलिक रंग पाण्यात मिसळतात, म्हणून ते पाण्याचेच अशी अनेकांची श्रद्धा असते. प्रत्यक्षात त्यांत अल्कोहोल असतं. खरं-खोटं करायचं तर प्रत्येक रंगाचं सुरक्षापत्रक मिळतं. त्यातल्या नवव्या विभागात हे पेट घेण्याचं तापमान आणि चौदाव्यात वाहतुकीची माहिती असते. खेळाच्या नियमांची तीनशे पानं पाठ असलेल्या माणसाने हे पत्रक मात्र सहसा पाहिलेलं नसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: बाटली 17 मिलिलिटरची आणि मुभा तर 100 मिलिलिटरची! ही मुभा कुठून आली ते आठवावं. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात नेण्याचा कट उघडकीला आला, आणि तेव्हापासून 100 मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत कोंबण्याची कवायत जगाला लागली. ती मर्यादा आकारमानाची आहे. इनॅमल 14 मिलिलिटर असो की चमचाभर, ते जळतंच. शिवाय त्याच पिशवीत टूथपेस्टही बसवायची असते, आणि नल्न ऑइल की दात, असा निर्णय अनेकांना जड जातो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अत्तर जळतं, नेलपॉलिश जळतं, तरी चालतात. 24 ते 70 टक्के अल्कोहोलची दारू तर माणशी पाच लिटर चालते, आणि बोटभर डबीतल्या रंगाचं वावडं? हा अन्याय आहे, मान्य. प्रसाधनांना आणि दारूला सवलत दिली आहे, कारण सगळे प्रवासी या गोष्टी नेतात आणि सगळ्यांशी भांडणं कोणालाच परवडत नाही. रंगवणारे संख्येने थोडे, म्हणून त्यांना सवलत नाही. लोकशाहीत असं होतं. पण पट्ट्याशी उभं राहून हा मुद्दा जिंकता येत नाही. जिंकला तरी विमान गेलेलं असतं.

राहता राहिले खरोखर पाण्याचे रंग. ते न्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण हवेची आहे. केबिनमधला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांच्या, म्हणजे सुमारे 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतका कमी होऊ देतात. आपलं कळसूबाई 1646 मीटर. त्याच्या जवळजवळ दीडपट उंचीवर बसून आपण सँडविच खात असतो. तिथला दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश, त्यामुळे बाटलीत कोंडलेली हवा एक-तृतीयांशाने फुगू पाहते आणि वाट काढताना रंगाला पुढे ढकलते. म्हणून काठोकाठ भरलेल्या बाटलीपेक्षा अर्धी संपलेली बाटली जास्त दगा देते, आणि सामानात नेमक्या अर्ध्या बाटल्याच जास्त असतात. खालच्या कप्प्यात दाब नसतो ही अफवा आहे. तिथेही केबिनइतकाच दाब असतो आणि शर्ट तितकाच रंगतो.

‘‘पण तिथे पोचल्यावर एखाद्याचा टवका उडाला तर?’’ टवका हातातल्या डब्यात उडत नाही, आणि उडालाच तर नॉटिंगहॅमला रंग घेऊन जाणं म्हणजे देवगडला हापूसची पेटी नेणं. तामियाचं गाव जपानमधलं शिझुओका, तिथे दर वर्षी मे महिन्यात मॉडेलवाल्यांचा मेळा भरतो. तिथेही रंगांची ददात नाही. स्वतः घोटून बनवलेल्या खास छटेचा हट्ट असेल, तर ती छटा प्रवासाआधी लावून मोकळं व्हावं. परतीच्या वाटेवर तिथे घेतलेले रंग आणावेसे वाटणारच. मग फक्त पाण्याचे, सील न फोडलेले आणा, दुहेरी पिशवीत घालून चेक-इनमध्ये टाका, आणि पांढरा शर्ट दुसऱ्या बॅगेत ठेवा.

हे सगळं वॉरहॅमरवाल्यांपुरतंच आहे असं समजून कोणी सुटू नये. पुण्याच्या कुंभारवाड्यातून नातवाच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे घेऊन न्यू जर्सीला निघालेले आजोबा याच रांगेत उभे असतात. त्यांच्या मावळ्यांना तलवारी असतात, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला गेरू असतो. मावळे हातातच न्यावेत. किल्ल्यासाठी मूठभर सह्याद्रीची माती मात्र नेऊ नये, कारण परदेशातली माती परवान्याशिवाय अमेरिकेत नेता येत नाही. किल्ला तिथल्या मातीचा झाला तरी मावळे चढतात. तेव्हा वाचकहो, निघण्याच्या आदल्या रात्री एकदा बॅग उघडा आणि थिनरची बाटली बाहेर काढून कपाटात ठेवा. कपाटातली बाटली परत आल्यावर सापडते; विमानतळावरच्या डब्यात टाकलेली सापडत नाही.