न खाल्लेल्याचा हिशोब

आमच्या सोसायटीचे खजिनदार सध्या बारीक होताहेत. असा एक नमुना हल्ली तुमच्याही बिल्डिंगमध्ये असणारच. बाकीचे वजन मोजतात, हे वही लिहितात.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन भारतात आलं, तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना होती, ५ची ४,३७५ला. टोचायचं दर आठवड्याला. म्हणजे महिना चौदा हजार आणि डोस वाढला की साडेसतरा. मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले आणि त्याच संध्याकाळी वही आली. कुपी नावे, न खाल्लेलं सगळं जमा.

नाक्यावरचा वडापाव टाळला, वीस रुपये जमा. ऑफिसात वाढदिवसाचा केक नाकारला, साठ जमा.
"अहो, केक तुमच्या पैशांचा नव्हताच!"
"पण खाल्ला असता ना?"

भाचीच्या लग्नात तर केटररला गाठून ताटाचा दर विचारला. नऊशे. खाल्लं पाव ताट, म्हणून ६७५ जमा! त्या हिशोबाने आहेराचं पाकीटही हलकं करायला निघाले होते, वहिनींनी डोळे वटारले म्हणून राहिलं. माझ्याकडे पोहे अर्धे टाकले, तेही यांच्याच जमेला. पोहे माझे, फोडणी माझी!

एवढं करूनही मेळ बसेना. पीपीएफ थांबला, गाडीचं सर्व्हिसिंग पुढे गेलं, सैल पँटींचं आल्टरेशन वर नावे पडलं. मग आठवड्याचं इंजेक्शन गुपचूप दहा दिवसांवर नेलं. डॉक्टरांनी झापलं. (त्या व्हिजिटची फीसुद्धा नावे.)

"असंच दुसरं औषध आहे ना, सेमाग्लुटाइड, त्याचं पेटंट मार्च २०२६ला संपतंय, ते स्वस्त होईल, थांबा की," सगळ्यांनी सांगून पाहिलं.
"माझे गुडघे थांबतात का? लिफ्ट बंद पडली की आईला चौथ्या मजल्यावर उचलून कोण नेणार?"

यावर आम्ही गप्प. लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांत निम्मी बिल्डिंग आहे.

आईंना इंजेक्शनचा पत्ता नाही. त्या वहिनींना म्हणतात, "पगार पुरत नाही गं त्याला, बघ कसा वाळलाय." पेन्शन झाली की पाचशेची नोट त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवतात. खजिनदार निमूट घेतात. जमेला.