अंगठा लावा, पुढे व्हा

१९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये 'पिगली विगली' नावाचं दुकान निघालं. माल गिऱ्हाइकानंच फळीवरून उचलायचा. दुकानातल्या नोकराचं काम गिऱ्हाइकाकडून फुकटात करून घ्यायची युक्ती! पुढे दुकानांनी यंत्रं ठेवून बिलही त्यालाच करायला लावलं. २०२३ मध्ये मात्र ब्रिटनच्या 'बूथ्स' या दुकानसाखळीनं आपल्या बहुतेक दुकानांतली ही यंत्रं काढून पुन्हा माणसं उभी केली.

जव्हार-मोखाड्याला त्या यंत्रांची घाई नाही. आमच्याकडे त्यांची थोरली बहीण आहे: रेशन दुकानातलं अंगठा तपासणारं ई-पॉस यंत्र. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य फुकट, फक्त अंगठा जुळायला हवा. नाचणीची लावणी आणि भट्टीवरच्या विटा यांत त्याच्या रेषा कधीच झिजल्या. दुकानदार समोरच्या बाईला ओळखतो, तिच्या सासूलाही ओळखायचा. पण त्याची ओळख सरकारदरबारी चालत नाही. मग हात धू, पदराला पूस, दुसरं बोट लाव. बोट जुळलं की रेंज जाते.

राहिला किराणावाला शेठ. उधारीच्या वहीत आकडा मांडता मांडता तो विचारायचा, "आवणी झाली का? पोरगी बाळंतपणाला आली का?" आता त्याची मान मोबाईलमध्ये. आजीच्या नातवानं कोड स्कॅन केला, की गल्ल्याजवळचा डबा ओरडतो, "चाळीस रुपये मिळाले." अख्ख्या व्यवहारात बोलणारा तो एकटाच. म्हणून आजीनंही त्यालाच सांगितलं, "बरं बाबा, आता चहाची एक पुडी दे."