अश्रुमुक्त अण्णा

बहुतेक घरांत कांदा चिरणारं माणूस एक असतं आणि कांदा कसा चिरावा हे सांगणारं दुसरं. अण्णा हे दुसरं माणूस. नोकरीत होते तोवर त्यांचा कांद्याशी संबंध ताटापुरता. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी काकूंना विळीवर बसून दंडाला डोळे पुसताना पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे टाळता येतं!" तेव्हापासून त्या घरात कांदा चिरायला दुप्पट वेळ लागतो.

असे अण्णा डोंबिवलीत सापडतात, कोथरूडला सापडतात, नाशकात तर सापडतातच. ओळखायची खूण सोपी आहे. लासलगावला आज क्विंटलला काय भाव निघाला हे त्यांना तोंडपाठ असतं, पण स्वतःच्या घरात कांद्याची टोपली कुठे असते हे विचारावं लागतं. पोळ, रांगडा, उन्हाळी यांतला फरक ते भाजीच्या गाडीपाशी उभे राहून इतर गिऱ्हाइकांना समजावून देतात. भाजीवाला ऐकून घेतो, कारण अण्णा बोलत असताना बायका कंटाळून घासाघीस न करता पुढे जातात. एकदा मात्र अण्णांनी त्यालाच विचारलं, "जपानात डोळ्यांना पाणी न आणणारा कांदा निघालाय. तुम्ही का ठेवत नाही?"

"झोंबत नाही म्हणता?"

"अजिबात नाही."

"मग काका, काकडी न्या की."

अण्णांचं मुख्य हत्यार सुरी नसून शास्त्र आहे. कुणीही, अगदी कुरिअरवाल्यानेही, कांद्याचा विषय काढावा. अण्णा चष्मा पुसायला घेतात. "कांद्याच्या पेशीत दोन द्रव्यं असतात. वाड्यातली दोन बिऱ्हाडं समजा, मधे भिंत. सुरी फिरली की भिंत पडते आणि भांडण सुरू! जमिनीतलं गंधक कांदा शोषून घेतो, त्याचा या भांडणात वायू होतो, तो डोळ्यांपर्यंत पोचतो. डोळा म्हणतो, आधी हे धुऊन काढा. म्हणून पाणी. रडू नव्हे, धुणं!" इथवर सगळं बरोबर असतं, आणि त्यांनी इथेच थांबावं असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण पुढे जपान यायचं असतं. हा वायू तयार करणारं एक वेगळंच विकर कांद्यात असतं, ते जपानी संशोधकांनी 2002 साली 'नेचर'मध्ये जाहीर केलं, ते लसणात नाही म्हणून लसूण डोळ्यांतून पाणी काढत नाही, आणि या कामाला 2013 साली नोबेल मिळालं. खरं तर मिळालं ते इग-नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. पण नेमक्या त्या 'इग'च्या वेळी अण्णा चहाचा घोट घेतात.

शास्त्रामागून प्रयोग येतात. पहिला फ्रिजचा. थंडाव्यात विकराचं काम मंदावतं, हे खरंच आहे. अण्णांनी सोललेले कांदे रात्रभर वाटीत उघडे ठेवले. सकाळी डोळे कोरडे राहिले की नाही यावर एकमत झालं नाही, मात्र त्याच कप्प्यातल्या श्रीखंडाची चव कशी लागली यावर झालं. मग दातांत आगकाडी धरायचा उपाय. याचा कांद्यावर काही परिणाम होतो असं मला वाटत नाही, पण घरच्यांना तो सर्वांत आवडला. काडी तोंडात असेपर्यंत अण्णांना बोलता येत नाही. नातवाचा पोहण्याचा चष्मा खरोखर उपयोगी पडला. डोळ्यांत टिपूस आलं नाही, पण काचा आतून अशा धुरकटल्या की कांदाही दिसेना. पुढचं चिरणं त्यांनी स्पर्शज्ञानावर केलं, आणि त्या दिवशीच्या कोशिंबिरीत एकेक फोड लिंबाएवढी होती.

टेबलफॅनचा प्रयोग सोसायटीत अजून सांगतात. तत्त्व चोख: वायू डोळ्यांपर्यंत पोचण्याआधीच उडवून लावायचा. अण्णांनी पंखा ओट्यावर चढवला. आधी सालं उडाली आणि काकूंच्या कणकेच्या परातीत उतरली. वायूही उडालाच, पण त्याला कुठेतरी जायला हवं. तो हॉलमध्ये गेला. तिथे मालिका बघत बसलेल्या आजींच्या डोळ्यांना धार लागली. अण्णा म्हणाले, "आईचं काय, ती मालिका बघताना रडतेच." पण त्या वेळी टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

सगळ्यांत मोठा शोध अमेरिकेतून आला. कॉर्नेल विद्यापीठात छोटं गिलोटिन उभारून कांदे चिरले, वेगवान कॅमेऱ्यानं टिपले, आणि 2025 साली निष्कर्ष छापून आला की बोथट पातं कांद्याला आधी दाबतं, मग फोडतं, त्यामुळे रसाचे थेंब जास्त संख्येनं आणि जास्त जोरात उडतात. धारदार सुरी आणि सावकाश हात, एवढाच उपाय. अण्णांनी हे वाचून त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून आणली आणि त्या विजयी मुद्रेनं ओट्यावर मांडल्या. काकू हेच कित्येक वर्षं सांगत होत्या, पण त्यांच्याकडे वेगवान कॅमेरा नव्हता.

एकदा हुरड्याला आम्ही सगळे शेतावर गेलो होतो. तिथे यजमानांनी पिठलं-भाकरीबरोबर कांदा पुढ्यात ठेवला आणि बुक्कीनं फोडला. अण्णांच्या शास्त्राप्रमाणे ही सर्वांत वाईट पद्धत: नुसतं दाबणं, सगळ्या भिंती एकदम जमीनदोस्त. पण रडलं कुणीच नाही. अण्णा घास हातात धरून विचार करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "उघड्यावर वारा आहे." यजमान म्हणाले, "आहे ना. खा."

अण्णांच्या वर्षातला मोठा दिवस म्हणजे आषाढातली कांदेनवमी. चातुर्मासात त्यांच्या घरी कांदा-लसूण बंद, म्हणून एकादशीच्या आधी भज्यांचा घाणा निघतो आणि कांद्याची रास पडते. या वर्षी त्यांनी दोरी ओढायचा चॉपर आणला होता. "बंद डबा! वायू बाहेरच येणार नाही!" दोरी ओढताना ते इतके खुशीत होते की शेजारच्या पोरांनाही एकेक पाळी दिली. पाच-सहा कांदे आत फिरत होते, डबा घट्ट, सगळ्यांचे डोळे कोरडे. मला तर क्षणभर वाटलं, जमलं गड्याला.

मग त्यांनी आत वाकून बघत झाकण उघडलं.

इतक्या कांद्यांचा कोंडलेला वायू एकदम तोंडावर आला. अण्णा ओट्याला धरून उभे राहिले. चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. नाक, डोळे, शास्त्र, सगळंच वाहत होतं. आत पाहिलं तर कांद्याचा लगदा.

"अहो, भज्यांना कांदा उभा लागतो," काकू म्हणाल्या. लगदा त्यांनी झाकून बाजूला ठेवला. दशमीच्या थालीपिठाला चालणार होता. मग विळी ओढली, पदर खोचला आणि बहिणीशी फोनवर बोलत बोलत रास संपवली. मधूनमधून दंडाला डोळे पुसत होत्या. बहिणीला त्याचा पत्ताही नव्हता, कारण बोलणं तिच्या सुनेबद्दल चाललं होतं आणि दोघी हसत होत्या.

भजी आली. बाहेर पाऊस, कढईतनं थेट ताटलीत, वर मीठ भुरभुरलेली तळलेली मिरची. अण्णांनी लाल डोळ्यांनी एक उचललं, फोडून आत पाहिलं.

"यातला कांदा जरा जाड झालाय, नाही?"

काकूंनी त्यांच्या पुढची ताटली उचलली आणि आजींच्या पुढे ठेवली.