शुक्राचा शेजार

मराठी माणसाला शुक्राचार्य माहीत असतात ते झारीतले. कचेरीत फाइल अडली की आपण त्यांचं नाव घेतो आणि दुसऱ्या टेबलाकडे वळतो. त्यांना घरदार असेल असं कधी मनात आलं नव्हतं. बँकेने मला सांगलीहून उचलून आडुतुरैच्या शाखेत टाकलं तेव्हा पत्ता लागला. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाताना वाटेत आडुतुरै लागतं. तिथून जवळच कंजनूर, आणि कंजनूरला शुक्राचं देऊळ. त्याहूनही जवळ सूर्यनार कोविल, म्हणजे खुद्द सूर्याचं. एका हाताला ज्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नये असा देव आणि दुसऱ्या हाताला वामनाच्या दर्भाने ज्याचा एक डोळा गेला असा. या दोघांच्या मधोमध भाड्याने खोली घेऊन मी डोळ्यांचं लेसर करून घेतलं.

कारण साधं होतं. दोन्ही डोळ्यांना उणे सहा नंबर, आणि कावेरीकाठची हवा. शाखेतल्या एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि समोरचा खातेदार नाहीसा व्हायचा. सकाळची फिल्टर कॉफी डवऱ्यातून टंबलरमध्ये ओतताना तेच. हे आईला फोनवर सांगितलं तर तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कर बाई. नाहीतरी स्थळाकडचे पहिलं तेच विचारतात." माझ्या प्रत्येक निर्णयाचं मूळ आईला विवाह मंडळाच्या फॉर्ममध्ये सापडतं.

घरमालक राव काका. गावात त्यांना रायर म्हणतात. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला आलेल्या घराण्यांपैकी हे एक, त्यामुळे घरात मराठी. ती ऐकताना आपण कुणाच्या तरी बखरीत जेवायला बसलोय असं वाटतं. काका आडुतुरैच्या भात संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. १९२२ सालची ही संस्था, आणि इथे निघालेल्या भाताच्या वाणांना गावाचंच नाव मिळतं: एडीटी सत्तावीस, एडीटी छत्तीस, एडीटी त्रेचाळीस. नंबर लागल्याशिवाय कुठली गोष्ट चांगली असू शकते यावर काकांचा विश्वास नाही. मी नंबर घालवायला निघाले आहे हे कळल्यावर त्यांना प्रथम वाईट वाटलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि सरफोजी महाराजांना बोलावलं.

सरफोजी दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२. राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतला, हाताशी राहिला किल्ला आणि पेन्शन. असा रिकामा वेळ मिळालेल्या राजाने काय करावं याचे पायंडे आपल्या इतिहासात ठरलेले आहेत. या राजाने मात्र ग्रंथ जमवले, छापखाना घातला आणि धन्वंतरी महाल काढून तिथे रोग्यांना औषधं दिली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची टिपणं ठेवली: रोगी कोण, तक्रार काय, उपचार काय, आणि सोबत डोळ्याचं रंगीत चित्र. ही कागदपत्रं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मोतीबिंदू राजे स्वतःच्या हाताने काढत, असं सांगतात. आता यंत्रांच्या हौसेचं बघा. १८२६ साली बिशप हेबर तंजावरला आला, तेव्हा त्याला राजवाड्यात हवेचा पंप, विजेचं यंत्र, खगोलाची उपकरणं आणि हस्तिदंती सांगाडा एवढं सगळं बघायला मिळालं. माझ्या खोलीत स्मार्टवॉच, इअरबड्स, बोलता स्पीकर आणि नवा फोन आहे. काकांच्या मते मी राजापेक्षा दोनशे वर्षं उशिरा आणि एक सांगाडा कमी अशी आले आहे.

"मग लेसरही त्यांनीच शोधलं असेल," मी म्हटलं. काका दुखावले. त्यांची समजूत काढायला मी त्यांना श्रीनिवासन यांची गोष्ट सांगितली. रंगस्वामी श्रीनिवासन, जन्म मद्रासचा, १९२९ चा. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेसर आलं, तेव्हा ते, जेम्स वाईन आणि सॅम्युअल ब्लम यांना वाटलं, हे प्राण्यांच्या पेशींवर चालवून बघावं. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की श्रीनिवासन दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि तिच्यावर लेसर मारलं. काप स्वच्छ निघाला, आजूबाजूला जळल्याची खूण नाही. कारण हा किरण जाळत नाही, रेणूंचे बंध तोडतो. तिथून पुढे चष्म्याच्या नंबराची वाट लागली. २०१३ साली तिघांना ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं.

"मद्रासचा का? मग आमचाच," काका खूश. काकू मात्र आतून आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "टर्की म्हणजे?"

मी सांगितलं. काकूंच्या घरात कांदासुद्धा वार बघून शिरतो. त्यांनी माझ्याकडे, मग देव्हाऱ्याकडे बघितलं. पुढची पायरी म्हणून हे लेसर गाईच्या डोळ्यावर तपासलं होतं, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. मारलेल्या गाईचा डोळा, हे तर नाहीच नाही.

विम्याकडे अर्ज केला. उत्तराचं पत्र आलं: नियमाप्रमाणे साडेसात डायॉप्टरच्या आतला नंबर विम्याच्या कक्षेत बसत नाही. उणे सहाच्या डोळ्यांनी मी ते पत्र नाकाला लावून वाचलं. चष्म्याशिवाय मला स्वतःच्या हाताची बोटं धूसर दिसत होती, पण विम्याला माझे डोळे पुरेसे वाईट वाटले नाहीत. झारी होती, शुक्राचार्य होते, पाणी काही आलं नाही. फिक्स्ड डिपॉझिट मोडलं. बँकेत बसून स्वतःचंच डिपॉझिट मुदतीआधी मोडताना ग्राहकाला सांगायची ती सगळी वाक्यं मी स्वतःला सांगितली.

ऑपरेशन तिरुच्चीला झालं. आधी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजतात. सर्वसाधारण माणसाची अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर, त्यातून एका डायॉप्टरमागे साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन लेसर उडवतं. म्हणजे सहा नंबरासाठी फार तर एका केसाच्या जाडीइतकं. माझ्या आयुष्यातली इतकी वर्षं एका केसापायी गेली होती. डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले, पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा छोटा चाप बसवला, वरच्या थराचं झाकण करून ते बाजूला सारलं. "हिरव्या दिव्याकडे बघा," डॉक्टर म्हणाले. दिवा विरघळत गेला. नर्स तमिळमधून सेकंद मोजत होती, मशीन टकटक करत होतं आणि केस जळाल्यासारखा वास आला. जळत काही नाही हे मी काकांना पाठ म्हणून दाखवलं होतं, पण नाकाला ते कोण सांगणार? दोन्ही डोळे मिळून जेवढा वेळ गेला, तेवढ्यात आमच्या शाखेत पासबुकही छापून होत नाही.

खरी करमणूक पुढे. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, काजळ नाही, उन्हात काळा गॉगल, झोपताना डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या वाट्या, आणि काही दिवस पडद्याकडे कमीत कमी बघायचं. पहिला पेच शुक्रवारी. शुक्रवारी बायकांनी डोक्याला तेल घालून न्हायचं, हा इथला शिरस्ता. काकू तिळाचं तेल कोमट करून उंबऱ्यात उभ्या. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू डॉक्टरांनी माझा धर्म बदलला. दुसरा पेच शेजारणींचा: डोळ्यांचं झालंय ना, मग सूर्यनार कोविलला जाऊन ये. डॉक्टर म्हणतात ऊन टाळ, शेजारणी म्हणतात सूर्याला भेट. मी संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, काळा गॉगल लावून सूर्याच्या दर्शनाला गेले. गुरुजींनी काही विचारलं नाही. त्यांच्याकडे असे पुष्कळ येत असावेत. शेजारणी तिरुवेळ्ळियंगुडीलाही जा म्हणाल्या, तिथे विष्णूच्या कृपेने शुक्राला गेलेला डोळा परत मिळाला अशी इकडची श्रद्धा आहे. शुक्राचा नंबर किती आला, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

पडद्याकडे बघायचं नाही म्हणून मी फोनला बोलायला लावलं. अंधांसाठीची ती सोय सगळ्या फोनमध्ये असते आणि ज्यांना तिची खरी गरज आहे ते ती लीलया वापरतात. माझ्यासारखीने चालू केली तर फोनचा ताबा जातो. एकदा टेकवलं की तो नाव वाचतो, दोनदा टेकवलं की उघडतो, सरकवायला दोन बोटं लागतात. हे कळेपर्यंत मी शाखाप्रमुखांना तीन वेळा फोन लावून कापला होता. बंद करायला जावं तर 'बंद करा' हे शब्द तो आधी वाचून दाखवायचा.

आणि वाचायचा तो सगळं. आईचा सकाळचा निरोप आला, काका ओसरीवर पेपर घेऊन बसलेले. फोन खणखणीत आवाजात सुरू झाला: "उगवता सूर्य. फुलांचा गुच्छ. फुलांचा गुच्छ. फुलांचा गुच्छ. जोडलेले हात. जोडलेले हात." काकांनी पेपर खाली ठेवला आणि हात जोडले. कसलं तरी स्तोत्र चाललंय असं त्यांना वाटलं. त्याच दिवशी दुपारी मी औषधाचे थेंब ऑनलाइन मागवले. पैसे भरताना ओटीपी आला, आणि ज्या बाईने शाखेच्या भिंतीवर 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हा फलक स्वतः चिकटवला होता, तिच्या फोनने तो आकडा गल्लीला ऐकवला. आतून काकूंनी तो पुन्हा सांगितला, माझा चुकू नये म्हणून. शेजारच्या अम्मांनी दुरुस्ती केली: शेवटी चार नव्हे, सात.

फोनचं चेहरा ओळखणंही त्याच आठवड्यात रुसलं. गॉगल घातला की मी कोण ते त्याला कळेना, आणि गॉगल काढला की उन्हाने मला तो दिसेना. आमच्या शिपाईमामांची शंका त्याहून मोठी होती: डोळे बदलले, आता आधार चालेल का? मी छातीठोकपणे चालेल म्हटलं, कारण आधार बघतं ती आतली रंगीत कडी, आणि लेसर चालतं वरच्या पारदर्शक काचेवर. मामांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला अंगठाच द्यायला लावला.

थेंबांची मात्र कमाल झाली. दोन प्रकारचे थेंब, वेगवेगळ्या वेळा, दोहोंत अंतर ठेवायचं. घड्याळात गजर लावले, स्पीकरला आठवण द्यायला सांगितली. घड्याळ चार्जिंगला होतं तेव्हा गजर मनगटाऐवजी टेबलावर थरथरला. स्पीकरने माझी मराठी ऐकून तमिळ भक्तिगीत लावलं, आणि वीज गेल्यावर तेही बंद. थेंब चुकले नाहीत ते काकूंमुळे. देवाचा दिवा, दूधवाला, काकांची रक्तदाबाची गोळी, यांच्या जोडीला त्यांनी माझे डोळे बसवले आणि झाकणाच्या रंगावरून बाटल्या ओळखल्या. काकूंना वाचायला चष्मा लागतो. तो त्या कधी लावत नाहीत.

दिसायचं काय झालं, ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून समोरच्या घरापुढचा कोलम दिसला, तांदळाच्या पिठाचा एकेक ठिपका सुटा, आणि ठिपके ओढून नेणाऱ्या मुंग्याही. रात्री दिव्यांभोवती काही काळ वलयं दिसायची. डोळे कोरडे पडतात, म्हणून कृत्रिम अश्रूंची बाटली अजून पर्समध्ये असते. आईला ती चांगली गोष्ट वाटते, पाठवणीला उपयोगी पडेल म्हणून.

एक गोष्ट चष्मा असताना मला दिसली नव्हती. सरफोजींची टिपणं तोंडपाठ असलेले काका पेपर उजव्या डोळ्यासमोर तिरका धरतात आणि डावा मिटतात. खोदून विचारल्यावर कळलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि डॉक्टर केव्हापासून करून घ्या म्हणताहेत. "महाराज असते तर कालच केलं असतं," काका म्हणाले. मी म्हटलं, महाराजांकडे डोळ्यात बसवायला भिंग नव्हतं, ते हॅरॉल्ड रिडलीने १९४९ साली पहिल्यांदा बसवलं. आणि १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये ती भिंगं स्वस्तात बनतात, इथून काही तासांच्या अंतरावर. काका गप्प. मग म्हणाले, "त्या भिंगाला नंबर असतो का?"

असतो म्हटल्यावर ते तयार झाले. तारीख पोंगलनंतरची ठरली आहे. थेंबांचं काम काकूंकडेच राहील, आणि माझा स्पीकर तेवढे दिवस माळ्यावर ठेवायचा, असं त्यांनी बजावलं आहे.